घोड्याचे पाय आणि खूर : घोडेवाले नेहमी विचारतात ते प्रश्न

मी घोडेवाल्याच्या घरात वाढलो. गेली बरीच वर्षं तपासणी शिबिरांत पशुवैद्यकांच्या हाताखाली घोड्यांचे पाय धरतो आहे. डॉक्टर नाही, पण हजारो खूर या हातांतून गेलेत. माथेरान-महाबळेश्वरची तट्टं असोत, वरातीतल्या घोड्या असोत की टांग्याचे घोडे, फोन बहुतेक एकाच वाक्याने सुरू होतो : "कालपर्यंत चांगला होता, आज पायच टेकत नाही." माझा पहिला प्रश्नही ठरलेला असतो : "खूर उचलून बघितलात का?" दहातल्या सातांनी तरी बघितलेला नसतो.

घोडा लंगडतोय हे दिसतं, पण नेमका कोणता पाय हे कसं ओळखायचं?

उभ्या घोड्यावरून किंवा सावकाश चालीवरून फारसं कळत नाही. सपाट, कठीण जमिनीवर कुणाला तरी दोरी सैल धरून घोडा दुडक्या चालीने समोरून आणायला सांगा आणि तुम्ही फक्त मान बघा. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीला टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकला की खाली सोडतो. हे बरेच जण उलटं समजतात आणि चांगल्याच पायाला मालिश करत बसतात.

मागच्या पायासाठी मागून बघा. ज्या बाजूचं ढुंगणाचं हाड जास्त वर-खाली होतं, ती बाजू दुखरी. नजर बसेपर्यंत दोन्ही बाजूंच्या हाडांवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा, फरक लगेच दिसतो.

उभ्या घोड्यात एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. मागचे पाय आलटून पालटून सैल सोडणं हा विसावा आहे. पुढचा एकच पाय सारखा पुढे काढून ठेवत असेल तर तो विसावा नव्हे, तिथे दुखतंय.

गावोगाव "खांदा धरलाय" हे निदान फार चालतं. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं, आणि पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरातच सापडतं. आधी खूर तपासा, मग गुडघ्याखालची शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला बांधणारी दोरी), मग सांधे. खांद्याचा नंबर सगळ्यात शेवटी.

रोज खूर तपासायचा म्हणजे नक्की काय करायचं?

आमचे अण्णा पहाटे चंदी घालायच्या आधी बॅटरी दातात धरून चारही पाय बघायचे. मला तेव्हा तो वेळ वाया घालवण्याचा प्रकार वाटायचा. दहा मिनिटं लागतात, जास्त नाही.

खांद्यापासून हात खाली उतरवत न्या, म्हणजे घोडा दचकत नाही. गुडघ्याखाली मागच्या बाजूची शीर दोन बोटांत धरून वरून खाली चाचपा : कुठे गरम, कुठे जाड, कुठे दाबल्यावर पाय ओढून घेतो. मग खूर उचला. माती काढायचा आकडा नेहमी टाचेकडून पुढे चालवा, म्हणजे निसटला तर मऊ भागात घुसत नाही. तळव्याच्या मधला रबरासारखा त्रिकोण, ज्याला नालबंद पुतळी म्हणतात, त्याच्या दोन्ही कडांच्या खाचा नीट मोकळ्या करा. खडा अडकतो तो तिथेच. वास घ्या. नाल हलवून बघा.

खूर खाली ठेवला की तळहात खुराच्या भिंतीवर टेकवा आणि दुसऱ्या पायाशी तुलना करा. उन्हात उभ्या घोड्याचे चारही खूर गरमच लागतात, त्यामुळे एकच खूर वेगळा लागतो का हे बघायचं.

शेवटी नाडी. खुराच्या वरच्या घोट्याच्या सांध्यामागे, आतून आणि बाहेरून, बोटाखाली दोरीसारखी सरकणारी नस आहे. तिच्यावर बोटं हलकी ठेवा. निरोगी घोड्यात ठोका इतका मंद असतो की तो शोधावा लागतो. न शोधता तो बोटावर आपटायला लागला तर खुरात काहीतरी पेटलंय असं धरून चाला. हे घोडा बरा असतानाच शिका. आपल्या घोड्याचा नेहमीचा ठोका ठाऊक नसेल तर आजारातला कसा ओळखणार?

रात्री ठीक होता, सकाळी एक पाय जमिनीला लावतच नाही. हाड मोडलं का?

मोडलेलं असू शकतं. पाय वाकडा दिसतोय, हाडाजवळ झपाट्याने सूज चढतेय, घोडा घामाने निथळतोय, तर एक पाऊलही चालवू नका, डॉक्टर घोड्याकडे यायला हवेत. पण असं अचानक तीन पायांवर येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण खुरातला पू हे आहे. लक्षणं इतकी भयंकर दिसतात की मालक रडायला येतो, आणि इलाज त्या मानाने साधा असतो.

खुराची भिंत टणक. आत पू साठला तर फुगायला जागाच नाही, सगळा दाब आतल्या जिवंत भागावर येतो. आपल्या नखाखाली पू झाला की रात्रभर झोप लागत नाही, इथे तर त्या नखावर अख्खा घोडा उभा असतो. पावसाळ्यात तळवा भिजून मऊ पडतो, बारीक खडा पांढऱ्या रेषेतून (भिंत आणि तळवा जुळतात ती रेघ) आत शिरतो किंवा तळव्याला मुका मार बसतो, आणि चार-आठ दिवसांनी हे उभं राहतं. नालेचा खिळा आत जवळ गेला तरी तसंच.

एकच खूर गरम, त्याच पायाची नाडी जोरात, वर कुठे जखम नाही, हे जुळलं तर पूच असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर चिमट्याने तळवा दाबत दाबत नेमकी जागा शोधतात आणि पांढऱ्या रेषेजवळ लहानसं भोक पाडतात. करडा-काळा, घाण वासाचा पू चिळकांडीसारखा येतो आणि बऱ्याचदा घोडा त्याच दिवशी पाय टेकतो. भोक लहानच हवं. तळवा खणून मोठा खड्डा केला तर जखम महिनोन्‌महिने भरत नाही, म्हणून हे काम घरी सुरीने करू नका.

पुढचे तीन-चार दिवस पोटीस : गव्हाच्या कोंड्यात मूठभर मॅग्नेशियम सल्फेट, कोमट पाण्यात भिजवून तळव्यावर थापा, वरून लहान मुलाचा डायपर, त्यावर रुंद चिकटपट्टी. पट्टी खुरावरच ठेवा. खुराच्या वरच्या केसाळ काठावर ती घट्ट आवळली तर तिथलं रक्त अडतं. पोटीस रोज बदला. पू बाहेर काढलाच नाही तर तो आतून वर चढत केसांच्या काठाशी फुटतो, आणि तोवर घोड्याचे हाल हाल होतात.

तळव्यात खिळा घुसलाय. आधी ओढून काढू ना?

घोडा शांत असेल आणि डॉक्टर लवकर येणार असतील तर तसाच राहू द्या. खिळा जागेवर असताना एक्स-रे काढला तर तो कुठवर गेलाय हे स्पष्ट दिसतं. घोडा त्यावर वजन टाकून तो आणखी आत ढकलणार असेल तर काढावाच लागतो. तेव्हा सरळ रेषेत ओढा, पण आधी मोबाइलवर फोटो घ्या, जागेभोवती पेनाने गोल करा, किती खोल आणि कोणत्या दिशेने होता ते लिहा आणि खिळा जपून ठेवा. एकदा काढला की तळव्याचं भोक मिटतं आणि नंतर सापडत नाही.

पुतळीत, त्यातही तिच्या मधल्या किंवा मागच्या भागात घुसलेला खिळा सगळ्यात वाईट. त्याच्या वरच लहान होडीच्या आकाराचं हाड, त्याची पिशवी आणि खोलातली शीर असते. तिथे जंतू गेले तर उशिराचा प्रत्येक तास महागात पडतो. जखमेत रॉकेल, पेट्रोल, बॅटरीचं पाणी यांतलं काहीही ओतू नका.

धनुर्वाताचं इंजेक्शन दरवेळी हवंच का?

घोडा हा धनुर्वाताला फार लवकर बळी पडणारा प्राणी आहे, आणि त्याचे जंतू तबेल्याच्या मातीत आणि लिदीत असतातच. सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी एक. तारीख वहीत लिहून ठेवा. जखम झाली की डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतात. कान ताठ, शेपूट वर, डोळ्याच्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सरकतोय, चालताना लाकडासारखा आखडलाय, असं दिसलं तर घोडा अंधारात, शांत जागी ठेवा आणि डॉक्टरांना त्या क्षणी बोलवा.

पावसाळ्यात खुराला कुजका वास येतो, काळं पाणी सुटतं. काय लावू?

पुतळी सडायला लागली आहे. ओल, लीद आणि न उघडलेल्या खाचा ही तीन कारणं, त्यामुळे औषधाआधी जागा बदला. घोडा ज्या जागी बारा तास उभा असतो ती कोरडी नसेल तर जगातलं कुठलंही औषध टिकणार नाही. उतार करून पाणी बाहेर काढा, खाली भुसा किंवा वाळू टाका, लीद दिवसातून दोनदा उचला.

नालबंदाकडून सुटलेले, कुजलेले पापुद्रे काढून घ्या. खाचा ब्रशने धुवा, पूर्ण कोरड्या करा, मग पोव्हिडोन आयोडीन लावा. खाच खोल असेल तर आयोडीनमध्ये भिजवलेली कापसाची वात हलक्या हाताने बसवा आणि रोज बदला. मोरचुदाचा उपाय जुना आहे आणि पातळ केलेला उपयोगी पडतोही, पण गुलाबी, रक्त येणाऱ्या भागावर मोरचूद टाकणं म्हणजे उघड्या जखमेवर तिखट. घोडा पुढच्या वेळी पाय देणारच नाही.

दोन आठवड्यांत फरक नाही, उलट फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी मऊ वाढ दिसू लागली, तर हा दुसरा रोग आहे. तो डॉक्टरांनी कापूनच काढावा लागतो.

टाचेच्या वर, केसांत खपल्या धरल्यात. खरूज आहे का?

माणसाला बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, त्याचाच भाऊबंद समजा. सतत ओल्या कातडीत जंतू शिरतात, त्यातून पांढऱ्या पायाची नाजूक कातडी जास्त धरते. केस कापा, कोमट पाणी आणि सौम्य जंतुनाशकाने भिजवून खपल्या मऊ करा, सुटतील तेवढ्याच काढा आणि टॉवेलने टिपून कोरडं करा. कामावरून आल्यावर रोज पाय धुता पण ओलेच ठेवता, हीच बऱ्याच तबेल्यांतली चूक आहे. सूज गुडघ्यापर्यंत चढली किंवा ताप आला तर घरी थांबू नका.

लग्नाच्या सीझननंतर घोडी चालायलाच तयार नाही, पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभी राहते. थकली असेल का?

नाही. या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा.

घोडीचं हे उभं राहणं म्हणजे लॅमिनायटिस. खुराच्या आतलं हाड भिंतीला बारीक पापुद्र्यांनी टांगलेलं असतं. दोन वह्यांची पानं एकमेकांत घालून घट्ट दाबावीत, तशी ती जोडणी असते. या पापुद्र्यांना सूज आली की पकड सुटते आणि घोड्याच्या वजनाने ते हाड खाली किंवा तिरकं सरकतं. एकदा सरकलं की पूर्वीसारखं होणं कठीण. काही वेळा हाडाचं टोक तळव्यातून बाहेर येतं. ते मी एकदा पाहिलं आहे, पुन्हा पाहायचं नाही.

कारण बहुतेक वेळा पोटातून सुरू होतं. मांडवात प्रेमाने खाऊ घातलेल्या चपात्या, भात, जिलेबी, गूळ, रात्री फोडलेलं धान्याचं पोतं. इतकं पिठूळ अन्न एकदम गेलं की आतड्यातलं पचन बिघडतं आणि त्याचं विष रक्तातून खुरापर्यंत पोचतं. व्यायल्यावर वार अडकलेली घोडी, पोटशूळ किंवा जोराच्या जुलाबातून उठलेला घोडा, अंगाने फार सुटलेला घोडा, एका पायाच्या दुखण्यामुळे सगळं वजन दुसऱ्यावर टाकणारा घोडा, या सगळ्यांना धोका आहे. डांबरावर आणि सिमेंटवर तासन्‌तास नाचवलेल्या घोडीलाही होतो. ढोलावर टापा आपटणारी घोडी बघायला लोकांना आवडतं. तो प्रत्येक मार त्या पापुद्र्यांवर बसतो, हे मालकाने तरी ध्यानात ठेवावं.

आमच्या शेजारच्या घोडीने एका रात्री गव्हाचं पोतं फोडलं. सकाळी ती चांगली चालत होती, म्हणून मालक निर्धास्त. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती निखाऱ्यांवर चालावं तशी पावलं टाकू लागली. मधला दीड दिवस हातचा गेला होता, आणि इलाजाचा खरा वेळ तोच असतो. घोड्याने जास्त धान्य खाल्लं हे कळताच, तो लंगडण्याची वाट न बघता, डॉक्टरांना फोन करा आणि पाय बर्फात घाला. बादल्या किंवा जाड पिशव्या, त्यात बर्फ आणि पाणी, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत, सलग दोन-तीन दिवस, वितळलं की पुन्हा बर्फ. बर्फाची गाडी परवडते, घोडी गेलेली परवडत नाही.

लक्षणं दिसलीच असतील तर धान्य पूर्ण बंद, फक्त सुकं गवत आणि पाणी. खाली वीतभर वाळू किंवा भुसा. "चालवलं की मोकळी होईल" असं सांगणारे दहा जण भेटतील, त्यांचं ऐकू नका. प्रत्येक पावलाला पकड आणखी सुटते. पुढे एक्स-रे काढून डॉक्टर आणि नालबंद दोघांनी मिळून खूर कसा तासायचा ते ठरवावं लागतं, आणि बरं व्हायला काही महिने जातात.

नाल किती दिवसांनी बदलायची? झिजली नसेल तर चालते ना?

नाही चालत. नाल झिजत नसली तरी खूर वाढतोच, महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. सहा ते आठ आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, तीच किंवा नवी नाल मारायला हवी. उशीर केला की पुढचं टोक लांबतं, टाच खाली दबते आणि मागच्या शिरेवर सारखा ताण येतो. जुनाट लंगडणाऱ्या कितीतरी घोड्यांत सुरुवात इथून झालेली असते.

नालबंदाचं काम झाल्यावर तीन गोष्टी बघा. पहिली, नाल खुराप्रमाणे वाकवली आहे का. खूर नालेबाहेर आला म्हणून समोरून कानशीने घासून टाकला असेल तर भिंत पातळ झाली. दुसरी, नाल टाचेपर्यंत आधार देते का, आणि खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या मागे तर गेलेले नाहीत ना. टाच वजनाखाली किंचित फाकते, तिथे खिळे ठोकले तर ती जखडते. तिसरी, खिळ्यांची टोकं भिंतीतून सारख्या उंचीवर बाहेर आलीत का. एखादा वेगळाच वर निघाला असेल तर त्याच्यावर लक्ष ठेवा. नाल मारल्यापासून एक-दोन दिवसांत घोडा लंगडला तर खिळा आत जवळ गेलाय असंच समजा आणि त्याच नालबंदाला बोलावून काढून घ्या. यात भांडण्यासारखं काही नाही, चांगल्या हाताकडूनही होतं. लपवणं मात्र वाईट.

मऊ मातीवर हलकं काम करणारा घोडा नियमित तासणीवर बिननाल छान राहतो. डांबरावर ओझं ओढणाऱ्याला नाल हवीच. गुळगुळीत नाल डांबरावर आणि पेव्हर ब्लॉकवर घसरते. माथेरानच्या तांबड्या मातीत पाय रोवणारी तट्टं ब्लॉकच्या चढावर घसरतात, ही तिथल्या घोडेवाल्यांची तक्रार म्हणूनच नीट ऐकण्यासारखी आहे. टंगस्टनच्या टोकाचे एक-दोन खिळे किंवा रबर लावलेली नाल यांनी पकड सुधारते.

खुराला भेगा पडतात. खोबरेल तेल चोळू का?

चोळा, पण त्याने भेग भरत नाही. खूर वरून खाली वाढतो, पुढचं टोक पूर्ण नवं व्हायला ९ ते १२ महिने लागतात, आणि भेग तेवढ्यातच खाली उतरून तासली जाते. खालून सुरू झालेली उथळ भेग वेळेवर तासलं की थांबते. वर केसांच्या काठातून सुरू झालेली, चालताना उघडझाप होणारी, रक्त येणारी भेग मात्र डॉक्टरांची. रोज ओलं-कोरडं होणं हे मूळ कारण असतं. बायोटिन या जीवनसत्त्वाने नवा खूर चांगला येतो, दिवसाला १५ ते २० मिलिग्रॅम, आणि फरक दिसायला सहा महिने तरी धीर हवा.

शर्यतीनंतर गुडघ्याखाली मागची शीर जाड झाली. आठवडाभर विश्रांती पुरेल?

आठवड्याने सूज जाईल, शीर जुळणार नाही. धनुष्यासारखा फुगवटा दिसत असेल तर तंतू तुटलेत. पहिले दोन-तीन दिवस गार पाण्याची धार, दर वेळी १५-२० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सारखी, फार घट्ट नसलेली पट्टी. मग सोनोग्राफी करून किती तुटलंय ते बघा. हळूहळू चालण्यापासून पुन्हा पळण्यापर्यंत ९ ते १२ महिने धरा. घोडाबैलाच्या शर्यतीत पुढची तारीख जवळ आली म्हणून महिन्याभरात पुन्हा जुंपलेले घोडे मी पाहिलेत. त्याच जागी शीर दुसऱ्यांदा जाते, आणि मग कायमची.

पायावर गाठी आहेत, दुखत नाहीत. काळजी करू?

घोट्याच्या मागे मऊ, पाण्याच्या फुगीसारख्या गाठी जुन्या कामकऱ्या घोड्यांत नेहमीच्या, लंगडत नसेल तर सोडून द्या. तरुण घोड्यात पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली टणक गाठ आली तर काही आठवडे काम थांबवा, बहुतेक बसते. मागच्या पायाच्या मोठ्या सांध्याच्या आतल्या अंगाला हाडासारखी टणक वाढ, जिला जुने लोक हाडा म्हणतात, तो सांध्याचा झिजरोग. तो बरा होत नाही, पण काम कमी करून आणि नाल बदलून घोडा सुखात राहतो.

चारही पाय सुजलेत, घोडा वाळत चाललाय. खुराचाच रोग का?

इथे खूर सोडा, रक्त तपासा. पाय आणि पोटाखाली सूज, ये-जा करणारा ताप, पांढुरक्या किंवा पिवळट हिरड्या हे सर्रा या रक्तातल्या परजीवीच्या रोगाचं चित्र आहे. रक्त पिणाऱ्या मोठ्या माश्या तो पसरवतात, पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त. वेळेवर औषध मिळालं तर घोडा वाचतो.

एकच मागचा पाय एका रात्रीत खांबासारखा जाड, गरम आणि दुखरा झाला तर रसवाहिन्यांचा दाह असतो, तोही त्याच दिवशी दाखवा.

आणि पायाच्या आतल्या बाजूने मण्यांच्या माळेसारख्या गाठी, त्या फुटून चिकट पिवळा स्राव, जोडीला नाकातून शेंबूड, हे दिसलं तर हात लावू नका. ग्लँडर्स असू शकतो. माणसाला होतो आणि जिवावर बेततो. २००६ मध्ये पुणे-पाचगणी भागातच हा रोग पुन्हा उफाळला होता. घोडा वेगळा बांधा, सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. कळवणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

डाग द्यावा का? बिब्बा लावावा का?

नाही, आणि नाही. तापल्या सळईने मूळ दुखणं बरं होत नाही. फरक वाटतो तो डागल्यानंतर घोडा महिनाभर बांधून ठेवतात, त्या विश्रांतीचा. तीच विश्रांती न भाजता द्या. बिब्ब्याने कातडी जळून फोड येतात, घोडा ते चाटतो, तोंडही भाजतं. आमच्या घरातही एका घोडीला डागलं होतं. तो वास मी विसरलेलो नाही.

मेडिकलमधून दुखण्याचं इंजेक्शन आणून दिलं तर?

दुखणं दबेल, घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण वजन टाकेल आणि आतलं मोडलेलं आणखी मोडेल. जास्त दिवस दिलं तर पोटात व्रण होतात, मूत्रपिंड बिघडतं. माणसांचं डायक्लोफेनॅक तर मुळीच नको. जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, कारण ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. कोणतं औषध, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांनीच सांगायचं.

सारंगखेड्याला घोडा घ्यायला चाललोय. पाय कसे तपासू?

दत्तजयंतीच्या त्या यात्रेत तापीकाठी लोक तास-तासभर अंगावरचे केसांचे भोवरे मोजतात, शुभ-खोट बघतात, रेवाल म्हणजे न हिंदकळणाऱ्या चालीवर खूश होतात, आणि खूर एकदाही न उचलता पैसे देतात. भोवरे बघायचे तर बघा, पण खाली वाका.

चारही पाय उचला. एखादा पाय द्यायला नको म्हणत असेल तर का, ते शोधा. खुराला काळं तेल चोपडलं असेल तर धुऊन घ्या, खाली भेग निघू शकते. भिंतीवर बारीक सरळ वळ्या सगळ्यांनाच असतात. पण वळ्या पुढे जवळ-जवळ आणि टाचेकडे फाकलेल्या असतील तर जुना लॅमिनायटिस. पुढच्या दोन खुरांचा आकार वेगवेगळा असेल तर लहान खुराचा पाय बरेच दिवस दुखतोय. शिरेवर, सांध्यावर डागल्याच्या खुणा शोधा.

वाळूत पळवून दाखवतील, तुम्ही कठीण रस्त्यावर मागा, दोन्ही बाजूंना लहान गोल फिरवून बघा. आणि पसंत पडला तरी दुसऱ्या दिवशी सकाळी, बांधलेल्या जागेवरून पहिली पावलं टाकताना पुन्हा बघा. आदल्या दिवशी टोचलेलं औषध तोवर उतरायला लागलेलं असू शकतं. पांढऱ्या खुराचा घोडा कच्चा असतो, हे मात्र खरं नाही. काळा असो की पांढरा, चांगला खूर चांगलाच.

शिंगराचे पाय वाकडे आहेत. आपोआप सरळ होतील?

जन्मतः घोटे सैल पडून मागे टेकत असतील तर बहुतेक काही दिवसांत सावरतात. बाजूला वळलेले पाय पहिल्या दोन आठवड्यांतच दाखवा, कारण घोट्याजवळचं हाड सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांतच वळवता येतं. पहिली तासणी दुसऱ्या महिन्यात. लहान शिंगराचा सांधा गरम आणि सुजलेला असेल, तो दूध सोडत असेल, तर "आईने तुडवलं" म्हणून थांबू नका. नाळेतून शिरलेले जंतू सांध्यात उतरलेले असतात आणि तो दिवस हातातून जाऊ देता येत नाही.

डॉक्टर यायला वेळ लागणार आहे. तोवर काय करू?

जवळ दवाखाना नसेल तर १९६२ हा पशुसेवेचा क्रमांक लावा. गुंतागुंतीच्या केससाठी परळ, शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घोडा चालवत नेऊ नका, गाडीतून न्या.

तोवर ताप मोजा. विश्रांतीतल्या मोठ्या घोड्याचा ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस, हृदयाचे ठोके मिनिटाला २८ ते ४४. हे आकडे कागदावर लिहा. कोणता पाय, कधीपासून, शेवटची नाल कधी मारली, गेल्या तीन दिवसांत काय खाल्लं, कोणतं औषध दिलं, धनुर्वाताची लस कधी, तेही त्याच कागदावर. घोड्याचा उभा असतानाचा बाजूने फोटो आणि दुडक्या चालीचा छोटा व्हिडिओ काढून पाठवा. पण तो पाय टेकतच नसेल तर व्हिडिओसाठी एक पाऊलही चालवू नका, उभ्याचा फोटो पुरे. खूर धुऊन, पुसून कोरडे ठेवा. तळव्याला तेल, हळद, शेण काही लावू नका, डॉक्टरांना तळवा स्वच्छ दिसायला हवा. कोमट पाण्याची बादली, साबण, चांगला उजेड आणि घोडा ज्याचं ऐकतो तो माणूस, एवढं तयार ठेवा.